धनराजभाऊंचा वरचा मजला

बेसा भागात आमच्या शेजारी राहणाऱ्या धनराजभाऊंकडे शिडी मागायला गेलात, तर ते आधी फाटक लावून घेतात आणि मग बोलतात. "काहून पाहिजे? कधीपर्यंत? अन् मोडली तं भरपाई कोन देईन?" तिन्ही उत्तरं पटली तर शिडी मिळते. मी बहुतेक वेळा स्टुलावर स्टूल ठेवून भागवतो.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. सगळी नोकरी तहसील कचेरीत झाली. निवडणूक आली की रस्त्यात उभं राहून लोकांच्या जीपगाड्या सरकारी कामाला लावायच्या, हे त्यांचं काम. एकदा तर वरातीची जीप नवरदेवासकट जमा केली म्हणतात. त्यामुळे निवृत्त झाल्यावर धास्ती एकच: आता सरकार आपल्या दारात येणार. "लागलं तं सरकार घेईन गा," ते मला बजावत. "पन कायद्यानं. कारन, मुदत, भरपाई. हे तीन नसन तं ती लूट."

घेण्यासारखं होतं काय, तर वरचा मजला. मुलासाठी बांधला, मुलगा पुण्यात रमला, वहिनीही देवाघरी गेल्या. त्या रिकाम्या मजल्यावरचा पंखा मात्र रात्रंदिवस खडखडत असायचा. एवढा हिशेबी माणूस वीज कशाला जाळतो, म्हणून आम्ही हसायचो.

गेल्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी मागच्या वस्तीत शिरलं. नायब तहसीलदार मॅडम तीन भिजलेली कुटुंबं घेऊन फाटकाशी आल्या. भाऊ लुंगीवरच बाहेर आले आणि फाटकात खुर्ची टाकून बसले.

"काका, लोकांचे हाल होताहेत. वरचा मजला उघडा."

"संकट आलं म्हनून कायदा वाहून जात नाही, मॅडम. कधीपर्यंत?"

"पाणी ओसरेपर्यंत."

"ते का नाल्याले विचारू? तारीख टाका."

तारीख पडली, भरपाईचं लिहून झालं, पंचनामा सुरू झाला. "पंखा एक. चालू आहे. आवाज करते, तेही लिहा." मध्येच भाऊ त्या लोकांवर खेकसले, "ओल्यात काहून उभे आहा? वरचं कागदावर येईस्तोवर खाली बसा. खालचं घर सरकारनं नाही घेतलं. तिथं तुम्ही माहे पाहुने."

मग त्या घरातून फोडणीचे वास आणि भांडणाचे आवाज येऊ लागले. त्यांच्यातल्या मंदाबाई भाऊंना मामा म्हणू लागल्या. भाऊ मजल्याची नासधूस होत नाही ना, हे बघायला दहादा वर जायचे आणि मिशीला तर्री लावून खाली यायचे.

मुदत संपली. मॅडम ताबा परत द्यायला आल्या. मंडळी बोचकी बांधून तयार होती. भाऊ वर जाऊन पंखा लावून आले.

"ताबा घेत नाही."

"का?"

"पंचनामा वाचा. पंखा आवाज करत होता. आता करत नाही. जसा घेतला तसा वापस द्या."

सगळे खो खो हसले. मंदाबाईंचा नवरा किसन पुढे झाला. "मामा, म्याच बेरिंग बदललं. परत बिघडवून देऊ काय?"

भाऊ हसले नाहीत. "खडखड झाली का वर कोनी आहे, असं वाटे गा," ते म्हणाले. "आता तुम्ही बी चालले, अन् हा बी मुका झाला."

इतकी वर्षं त्या खडखडीला हसलो, याची मला लाज वाटली. मॅडमनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

"आज फार उशीर झाला, काका. ताबा नंतर बघू."

सकाळचा चहासुद्धा व्हायचा होता. मंदाबाईंनी बोचक्याची गाठ सोडली. नंतर म्हणजे कधीपर्यंत, हे भाऊंनी विचारलं नाही. ते आधण ठेवायला आत गेले.