गाडीची आंघोळ

गाडीचा वेग पन्नासला असताना उमाताईंच्या डाव्या हातातल्या दोन बांगड्या गप्प असत. काटा साठच्या पुढे सरकला की त्या एकमेकींवर किणकिणू लागत, आणि ऐंशीच्या पुढे पुन्हा गप्प! (ऐंशीच्या पुढे उमाताई एकदाच गेल्या होत्या, तेही निव्वळ शास्त्रासाठी.) स्टिअरिंग थरथरत होतं, एवढं नक्की.

"सोपं आहे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ठरावीक वेगालाच थरथर, म्हणजे चाकाचा तोल गेलाय. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंय. रोगाचं नाव मी सांगते, बाबू मेकॅनिकने फक्त औषध द्यायचं!"

"हो, पण आधी गाडी धुतो," परशुरामराव म्हणाले.

परशुरामरावांना गाडी चालवता येत नव्हती. ते ती शेजारी बसून तोंडाने चालवत. "डावीकडे घे गो... म्हैस आहे... म्हैस दिसली ना तुला?" धुण्याचं खातं मात्र त्यांचं. एरवी गाडी तांबड्या चिखलाने माखलेली असली तरी चालायचं. पण लग्नाला, देवळात आणि मेकॅनिककडे ती आंघोळ करूनच जाई. "डॉक्टरकडे कुणी घामट अंगाने जातं काय?" मग अंगणात पाइप सोडून, ओणवे होऊन, दात घासायच्या जुन्या ब्रशने ते चाकं आतून-बाहेरून अशी घासत, की गाडीला गुदगुल्याच होत असाव्यात!

चिखल यायचा तो बागेतून. जयगडच्या वाटेला त्यांची हापूसची कलमं होती, परशुरामरावांच्या वडिलांनी लावलेली. शेवटचा टप्पा पऱ्याच्या पाण्यातून आणि राड्यातल्या चिखलातून. दर रविवारी तिथे जायचं, परशुरामरावांनी एकेका झाडावरून हात फिरवायचा, बांडगुळांना शिव्या घालायच्या, थर्मासमधला चहा प्यायचा आणि परत यायचं. निम्मा आंबा वांदर खात, उरलेल्याचं नशीब. वाडीतला रघू दोन वर्षं मागे लागला होता, "काका, बाग माझ्याकडं द्या, जीव लावीन." परशुरामराव म्हणत, "बघू." आणि 'द्या हो त्याला' हे वाक्य उमाताईंच्या घशात दोन वर्षं अडकून होतं. नवऱ्याचा झाडावर टेकलेला तळहात दिसला, की ते पुन्हा खाली जाई.

तर गाडी न्हाऊनमाखून हातखंब्याला बाबूच्या गॅरेजात गेली. बाबू उमाताईंचा जुना विद्यार्थी. हायवेवर फेरी मारून आला आणि म्हणाला, "बाई, लोणी हाय लोणी! थरथर कसली?" तरी त्याने मान राखून चारही चाकांचं बॅलन्सिंग केलं.

रविवारी बागेतून परतताना बांगड्या पुन्हा वाजल्या! सोमवारी पुन्हा आंघोळ, पुन्हा बाबू, पुन्हा लोणी. तिसऱ्या खेपेला बाबूने परशुरामरावांना बाजूला घेतलं. "काका, गाडीला काय पण झालेलं नाय. तुम्ही जरा... बाईंचे हात दाखवा कुणाला तरी."

झालं! संध्याकाळी पुण्याच्या लेकीला व्हिडिओ कॉल लागला.

"आई, हात पुढे कर. बोटं पसर," वैदेही म्हणाली. "अगं बाई! केवढा थरथरतोय!"

"अगं, फोन तुझ्या बाबांच्या हातात आहे!" उमाताई ओरडल्या.

पण काळजीने कापणाऱ्या माणसाला कोण काय बोलणार? डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं. काहीच निघालं नाही म्हणून डॉक्टरांनी 'वय' असं निदान केलं. गाडी बंद! शेजारची राजश्री चहा अर्धाच कप देऊ लागली, सांडायला नको म्हणून. आणि देवळात गुरुजींनी तीर्थ ओंजळीत न देता थेट तोंडात घातलं!

गंमत अशी, की उमाताईंना हे फारसं वाईट वाटलं नाही. रविवारी सकाळी त्यांनी पहिल्यांदाच सगळं वर्तमानपत्र शेवटपर्यंत वाचलं. घशातलं वाक्य आता बोलायची गरजच नव्हती; हातांनीच परस्पर राजीनामा दिला होता. परशुरामराव मात्र सवयीने थर्मास भरून पडवीत बसले आणि त्याच्या झाकणातून चहा पीत राहिले. त्यांच्याकडे बघायचं उमाताईंनी टाळलं.

तेव्हाच गप्प बसायचं होतं. पण ते तीर्थ! शास्त्र शिकवलेल्या बाईला चमच्याने तीर्थ! उमाताई विचाराला बसल्या. हातखंब्याला जाताना गाडी आपणच चालवायचो, हात हेच, रस्ता हायवेचाच. तरी बांगड्या गप्प. तेव्हा वाटलं, दवाखान्याच्या दारात दाढ दुखायची थांबते, तसंच काहीतरी. पण गाडीला कसली आलीय दवाखान्याची भीती? मग सोमवारच्या गाडीत आणि रविवारच्या गाडीत फरक काय?

त्या ताडकन उठल्या. "अहो, चला बागेत!"

"तुझे हात गो?"

"बसा आधी!"

परशुरामराव रामरक्षा म्हणत बसले. बाग झाली, पऱ्या झाला, राडा झाला. निवळीला हायवे लागला आणि उमाताईंनी गाडी घराऐवजी हातखंब्याकडे घातली.

"बाबूकडे? असल्या अवतारात? निदान काच तरी पुसू दे!"

काटा साठच्या पुढे गेला. किणकिण, किणकिण!

गॅरेजात उमाताईंनी बाबूकडून स्क्रू ड्रायव्हर घेतला, खाली बसल्या आणि पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला खुपसला. रिमच्या खोबणीत घट्ट बसलेलं मातीचं ढेकूळ थपकन पडलं. जांभ्याचा चिराच जणू!

बाबूने तोंडावर हात ठेवला. "बाई, चाक एका अंगाला जड झालं, मग थरथरणारच की! पण ह्ये आधी कुठं होतं?"

"आमच्या अंगणातल्या गटारात," उमाताई म्हणाल्या.

दोघांनी वळून पाहिलं. परशुरामराव रुमालाने हेडलाइट पुसत होते.

"म्हणजे... मीच गो?" ते म्हणाले. "मीच धुऊन टाकत होतो? आणि आम्ही तुला डॉक्टरांकडे..." त्यांनी बायकोचे दोन्ही हात भर गॅरेजात धरले. असे हात त्यांनी कित्येक वर्षांत धरले नव्हते. "चांगले आहेत गो तुझे हात! मला वाटलं, बाग संपली. झोप येत नव्हती मला. बाबू, ऐक, आता दर रविवारी! आणि मोहर आला की बुधवारीसुद्धा!"

उमाताईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. दगडासारखे स्थिर. इतकं चोख सिद्ध करायची खरंच गरज होती का? दोन वर्षांपूर्वी बोलल्या असत्या, तर या माणसाला एकदाच वाईट वाटलं असतं. आता तो हसत असताना बोलायचं होतं, आणि पुढे करायला हातांचंही निमित्त उरलं नव्हतं.

"मग येत्या रविवारी लवकर निघू या का?" परशुरामरावांनी विचारलं.

"निघायचं नाही," उमाताई म्हणाल्या. आवाज थोडा कापला. "हातांचं काही नाही हो. मलाच आता नको झालंय. बाग रघूला देऊ या."