बेटावरचा कोल्हा आणि हनीफभाई

बहारीनमध्ये गुदैबियातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात हनीफभाई आपल्याच मुलीची पर्स हिसकावून पळायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातला दह्याचा डबा सुटला. ते धापा टाकत म्हणाले, "घाबरू नका भाभी, मुंबईची प्रॅक्टिस हाय."

हनीफभाई रत्नागिरीकडचे, एका ऑफिसात क्लार्क. लिफ्टमध्ये एकटं चढायलाही भिणारा माणूस. मुलगी रुबिना बहारीनमध्येच जन्मली, वाढली आणि आता कॉलेजसाठी एकटी मुंबईला निघाली होती. हनीफभाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यात टीव्हीवर त्यांनी तो कोल्हा पाहिला.

कॅलिफोर्नियाजवळच्या काही बेटांवर मांजराएवढा कोल्हा राहतो. जगात दुसरीकडे कुठेच नाही. बेटावर त्याला कोणी शत्रू नव्हता, म्हणून भरदिवसा खुशाल हिंडायचा. मग बाहेरून मोठे गरुड आले आणि एकेकाला उचलू लागले.

"वर बघायची सवयच नाय बिचाऱ्याला," हनीफभाई सांगायचे. "आमची रुबिना तसलीच. मॉलमध्ये टेबलावर मोबाइल टाकून ज्यूस आणायला जाते. भीती म्हणाल तर मफी, अजिबात नाय. म्हणून सांगतो, माणूस भ्यायलेला बरा."

"पण कोल्हा वाचला ना शेवटी?" मी विचारलं.

"वाचला. लोकांनी पिंजऱ्यात ठेवून वाढवला तेव्हा."

असं म्हणून त्यांनी रुबिनाकडे अशा नजरेनं पाहिलं की ती म्हणाली, "अब्बा, डोन्ट इव्हन थिंक अबाउट इट."

हसू यायचं, पण खरं सांगते, त्यांची भीती मलाही चिकटली. बायको गेल्यापासून या मुलीशिवाय त्यांना इथे कोणी नव्हतं. तिला काही झालं तर या माणसाचं काय होईल, हाच विचार मनात यायचा.

विमानतळावर मीच दोघांना गाडीनं नेलं. रुबिनानं त्यांना मिठी मारली, बॅग ओढत आत गेली आणि एकदाही मागे वळली नाही. ती दिसेनाशी झाली तरी हनीफभाई टाचा उंचावून बघत होते.

परतताना गाडीत ते मागे वळून विमानतळाकडे बघत होते. मग म्हणाले, "भ्यायली नाय पोरगी. बघितलंत ना?"

"चांगलंच झालं की."

"चांगलंच," ते म्हणाले. "जरा भ्यायली असती तर थांबली असती."

वर आल्यावर त्यांनी खिशातून किल्ली काढली, दाराकडे पाहिलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"तुम्ही उघडा भाभी. आत कोण नाय."