विवाहित विद्यार्थिनीचे पालक

लग्न झालं की माणूस मार्गी लागतो, असं थोर लोक सांगून गेलेत. शिष्यवृत्तीच्या बाबतीत तर ते शंभर टक्के खरं आहे. लग्न झालेली विद्यार्थिनी तलाठी, सेतू केंद्र आणि कॉलेज या मार्गाला एकदा लागली की लवकर घरी येत नाही.

नियम सोपा आहे. मुलगी कुमारी असेल तर पालक बाप. लग्न झालं की पालक नवरा. (बापाने काय गुन्हा केला म्हणून त्याला काढलं, हे नियमात दिलेलं नाही.)

चिंचपाड्याकडची सुषमा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा नवरा योहान घरजावई. सासऱ्याच्या, म्हणजे जेठ्याच्या घरी राहतो, त्याच्याच शेतात राबतो आणि सुषमाच्याच वर्गात मागच्या बाकावर बसतो. हाच तिचा पालक. सुषमाची हजेरी कमी भरली तेव्हा सरांनी पालकाला बोलावलं, आणि पालक मागच्या बाकावरून उठून आला. सर त्याला पालक म्हणून बोलले आणि विद्यार्थी म्हणून वेगळे बोलले.

इथवर उत्तम चाललं होतं. मग शिष्यवृत्तीसाठी पालकाच्या उत्पन्नाचा दाखला लागला. शिष्यवृत्ती नाही मिळाली तर सुषमाने कॉलेज सोडून गुजरातेत ऊस तोडायला जायचं, हे घरात ठरलेलं. योहानला उत्पन्न नाही, आणि ज्याला उत्पन्नच नाही त्याला दाखला मिळत नाही. (दिला तर हा जगतो कशावर, असा प्रश्न उभा राहतो.)

जेठ्याने स्वतःचा दाखला कॉलेजच्या खिडकीत सरकवला. आत क्लार्क नवनीतभाऊ. भला माणूस.

"काका, हाऊ दाखला तुन्हा शे."

"पोरगी बी मन्हीच शे ना, भाऊ."

"व्हती. आते ती योहाननी बायको शे."

"पन ऱ्हास मन्हा घर, जेवस मन्हा घर!"

"ते जेवण शे काका, नातं नही. सोडचिठ्ठी आन. पंच लिखी देतीन, का पोरगी परत तुन्ही."

पंच मोकळेच होते. सुषमा म्हणाली, "करून टाकू. परीक्षा झाली की परत लग्न लावू." योहानने एवढंच विचारलं की पंचांबरोबर त्यालाही जेवण आहे का. हबकला तो जेठ्या. भाताची लावणी अर्ध्यावर होती.

"पोरगी घरमाच ऱ्हाई," तो खिडकीत जाऊन नवनीतभाऊंना म्हणाला, "पन आते जावाई कोठून आनू?"

शेवटी नवनीतभाऊंनी सुषमाचा अर्ज बाजूला ठेवून आधी योहानचा स्वतःचा शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरायला घेतला. कुटुंबप्रमुख, जेठ्या. कुटुंबप्रमुखाशी नातं? यादी उघडली: मुलगा, मुलगी, सून, नातू. जावई नव्हताच. (जावई सासऱ्याच्या घरी राहील, आणि वर भात लावेल, अशी शंका यंत्रणेला आलेली नव्हती.) रिकामं सोडलं तर अर्ज पुढे सरकेना. भाऊंनी डोळे मिटले आणि 'मुलगा' दाबलं.

आणि सगळं जुळलं. योहान जेठ्याचा मुलगा. सुषमा योहानची बायको, म्हणजे जेठ्याची सून. नवरा कमावता नसेल तर त्याच घरात राहणाऱ्या सुनेला सासऱ्याचा दाखला चालतो. बाप म्हणून परत आलेला कागद सासरा म्हणून पहिल्या फटक्यात मंजूर झाला. दोघांनाही शिष्यवृत्ती मिळाली.

सुषमा घरी येऊन म्हणाली, "बा, आता तुझ्यापुढे डोक्यावर पदर घेऊ का?"

"पदर खोच," जेठ्या म्हणाला, "आणि भात लाव."

आता तुम्ही म्हणाल, ही शासनाची दिशाभूल झाली. खुशाल म्हणा. फक्त त्याआधी, पोराला चांगल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शाळेजवळच्या ज्या भाड्याच्या घरात तुम्ही वर्षभर 'राहत होता', त्या घराचं दार कोणत्या रंगाचं होतं, तेवढं जरा सांगा.