गितारीच्या राजमेळाची हकीकत

श्री नाददेवता प्रसन्न असो, ऐकणाराचे कान शाबूत असोत. शके सोळाशे अठ्ठ्याऐंशी, व्ययनाम संवत्सरे, ते समयी एका राज्यात जे वर्तले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव कोणी पुसो नये, राजाचेही पुसो नये.

ते राज्य सुभिक्ष, दरबार थोर, आणि महाराजांस गाण्याचा शौक मोठा. दरबारची गाणारीण चिमाबाई, थोरल्या महाराजांचे वेळेपासून मानाची. आणि तिचे साथीस इनास नामे किनारपट्टीचा किरिस्ताव, तो गितार वाजवी. गितार म्हणजे फिरंगाणातून आलेले सहा तारांचे वाद्य, दांडीवर पडदे ठोकलेले. ज्या पडद्यावर बोट पडे तोच सूर निघे, केसभर अलीकडे नाही की पलीकडे नाही. इनास दरबारी आला तेव्हा त्यास कोणी उभे करीना. चिमाबाईंनी त्यास आपले शेजारी बसविला, आणि तापाने पडला तेव्हा आपले हाताने पेज पाजली, आणि पुढे लग्न झाले तेव्हा त्याचे बायकोस स्वतः लुगडे नेसविले. इनास बाईंस आईचे जागी मानी. मग बाईंचे वय झाले, गळा उतरला आणि गंधार जागचा ढळला. शुद्धही नाही, कोमलही नाही, दोहोंचे मध्येच कोठे तरी राहू लागला. नुसता ऐकिला तर काळीज चिरीत जाई, परंतु गितारीचा पडदा वाजला की दोन गंधारांची झटापट होई आणि दरबारी मंडळी तोंडास उपरणे लावून हसत. कारभारी त्रिंबकपंत महाराजांस म्हणाले, "बाई बेसूर झाल्या. वसंतपंचमीचे गाणे होऊ द्यावे, मग निरोप द्यावा."

हे इनासाचे कानी आले आणि तो भर दुपारी गितार घेऊन बाईंचे घरी गेला. बाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "इनासा, शिणू नको रे. तुझ्या वाद्यास माझा गळा सोसत नाही." इनास बोलला, "बाई, गळ्याचे काही बिघडले नाही. हे पडदे आडवे येतात. सूर ठोकून बसविले आहेत, ते हलत नाहीत. तर तारांसच हलवून पाहतो." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "पाहा बापडे. मी इथेच आहे."

मग इनासाने खुंट्या पिळावयास आरंभ केला. गितारीच्या तारा कोणत्या सुरांत लावाव्या हे वाडवडिलांपासून ठरलेले, त्यास मेळ म्हणत, आणि तो मोडावयाचे कोणाचे मनात आले नव्हते. इनासाने प्रथम सर्व तारा चढविल्या, तो एक तटकन तुटली आणि गालावर रक्त काढून गेली. मग सर्व उतरविल्या, तो त्या लोंबू लागल्या आणि पडद्यांवर आपटून भणभण करू लागल्या. मग दोन चढविल्या आणि दोन उतरविल्या, बाई म्हणाल्या, "हे तर कोणी भांडी घाशिते आहे." आणखी एक मेळ केला, तो गोड निघाला, परंतु बाई म्हणाल्या, "यात रडावयास जागा नाही, पुरे कर." असे कित्येक मेळ झाले आणि मोडले, इनासाची बोटे सोलवटली, घरी बायको बोलू लागली, तरी तो येतच राहिला. आणि एके दिवशी त्याने जाड तार षड्जावर उतरविली, बारीक तार षड्जावर उतरविली, तिचे शेजारची पंचमावर आणिली, आणि बाकीच्या होत्या तैशा ठेवून सहाही तारा मोकळ्या छेडिल्या. तो षड्ज, मध्यम आणि पंचम इतकेच वाजले, गंधार कोठेच नव्हता. त्याची जागा रिती. आणि बाईंनी सूप बाजूस सारिले, डोळे मिटिले आणि त्या रित्या जागी आपला ढळलेला गंधार ठेविला. इनासाचा हात थांबला. बाई म्हणाल्या, "थांबू नको मेल्या, वाजव."

मग वसंतपंचमीचा दरबार भरला आणि चिमाबाई गाइल्या. जे उपरणी घेऊन हसावयास बसले होते त्यांनी त्याच उपरण्यांनी डोळे पुसिले. महाराज गादीवरून उठले आणि म्हणाले, "इनासा, हा मेळ कोणाचा?" इनासाचे ओठावर आले की बाईंचे गळ्यावर बेतला आहे. परंतु भरला दरबार, त्रिंबकपंतांची नजर त्याजवर, आणि राजासमोर बोलावयाची जी रीत जिभेस जडली होती तीच पुढे झाली. तो लवून म्हणाला, "महाराजांचे पुण्याईचा." महाराज संतोष पावले. त्रिंबकपंत तत्काल म्हणाले, "ऐकिले सर्वांनी? मेळ महाराजांचा!" आणि त्याच घडीस त्याचे नाव राजमेळ पडले. चिमाबाईंनी इनासाकडे एकवार पाहिले आणि तंबोऱ्यास गवसणी घातली.

मग हुकूम झाला की राज्यात जितक्या गितारी तितक्या राजमेळातच लावाव्या, दुसरा मेळ लावील तो गुन्हेगार. आणि इनासास शेला, पागोटे देऊन मेळाचा दारोगा केला. आणि त्रिंबकपंत म्हणाले की महाराजांचे मेळास गळाही तैसाच पाहिजे, म्हणोन मोहना नामे तरुण गाणारीण आणविली. तिचा गंधार स्वच्छ, धुतल्या ताटासारखा. ती त्या रित्या जागेत गाई तेव्हा मंडळी वाहवा करीत आणि विडे खात, आणि डोळे कोणाचेही ओले होत ना. चिमाबाईंस सांगून पाठविले की आता आपण विश्रांती घ्यावी. बाई इनासाचे दारी आल्या, पूर्वी कधी आल्या नव्हत्या, आणि उंबऱ्याबाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, "मला दरबार नको, रे. एवढेच बोल की हे माझ्या गळ्यासाठी केले होतेस. एकदा बोल." इनास म्हणाला, "बाई, आता कैसे बोलू? महाराजांस खोटे पाडिल्यासारखे होईल." बाई म्हणाल्या, "बरे," आणि गाडीत बसून नदीकाठचे आपले गावी गेल्या.

दारोगा होऊन इनास गावोगाव फिरला आणि लोकांच्या खुंट्या तपाशीत गेला, आणि लोक त्यास पाहून गितारी लपवू लागले. परंतु मन खाई. मग एकदा तो वाट वाकडी करून बाईंचे गावी गेला आणि पाया पडला. बाई रागे भरल्या नाहीत. गळा आणखी खाली गेला होता, राजमेळ त्यास पुरेना. तेव्हा इनासाने बाईंपाशी बसून नवा मेळ शोधिला, सर्वांहून ढाला, म्हणजे खालचे सुरांचा, आणि बाई नदीकडे तोंड करून गाइल्या, आणि पाणी भरणाऱ्या बाया घागरी टेकून उभ्या राहिल्या. इनासास वाटले की झाले गेले फिटले. परंतु घाटावर दरबारचा एक कारकून स्नानास उतरला होता, त्याने ऐकिले, आणि वर्तमान त्रिंबकपंतांस पोचले. पंतांनी इनासास एकांती बोलावून म्हटले, "दारोगाच गुन्हा करितो? दोन्ही हातांची बोटे जातील. की कोणी करविले?" इनासाने आपले हातांकडे पाहिले. आणि म्हणाला, "बाईंनी सांगितले म्हणोन केले." पंत म्हणाले, "तेच मी म्हणत होतो." मग चिमाबाईंस ताकीद गेली की उभ्या राज्यात गाऊ नये, घरातही गाऊ नये, आणि ती ताकीद वाचून दाखवावयास दारोग्यासच पाठविले. बाईंनी उभे राहून ऐकिली आणि विचारिले, "झाली वाचून?" इनास म्हणाला, "झाली." बाई आत गेल्या.

पुढे महाराज कैलासवासी झाले, धाकटे महाराज गादीवर बसले. त्यांस बापाचे काहीच रुचत नसे. त्यांनी राजमेळ बंद केला, वाडवडिलांचा जुना मेळ पुन्हा लाविला, दारोग्याचा हुद्दा मोडिला, आणि गाण्यावरील ताकीदही उठविली. मोहना दुसरे दरबारी गेली. तिचे काहीच अडले नाही. इनास मोकळा झाला आणि गितार पाठीस लावून पायी नदीकाठी गेला. बाई ओसरीवर बसल्या होत्या, अगदी वाळल्या होत्या. त्यांनी ये म्हटले, बायकोचा खोकला कैसा आहे विचारिले, पाय धुवावयास पाणी दिले, ताक दिले. इनासाने ताक बाजूस ठेविले, तारा उतरवून त्या वसंतपंचमीचे मेळात आणिल्या आणि मोकळ्या छेडून म्हणाला, "बाई, आता कोणाची मनाई नाही. गावे." बाई ऐकत राहिल्या, पार आवाज विरेतोवर. मग म्हणाल्या, "चांगले लाविले आहेस. पण मी गाणे म्हणोन जे होते ते तुझे भरवशावर ठेविले होते, आणि ते तू दोनदा देऊन आलास. मजपाशी आता काही नाही. ताक पी, ऊन चढते आहे." इनास ताक प्याला. बाई भांडे घेऊन आत गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

येणेप्रमाणे राजमेळ जन्मला, गाजला आणि बंद पडला. थोरले गेले त्या महाराजांचे समाधीवर छत्री बांधिली आहे, त्रिंबकपंतांचे वंशज कारभार करितात. चिमाबाई पुढले साली वारल्या, आणि त्यानंतर इनासाने मेळ शोधिला नाही. लोकांनी विचारिले तर तो मेळ महाराजांचे पुण्याईचा असेच मरेपर्यंत सांगे, आणि का सांगतोस म्हणता उठून जाई. इतके वर्तमान झाले.