तेरा नंबरची तार

रविवारी दुपारचं जेवण झालं की गिरीधर बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत पाय लांब करून बसायचा आणि विमला समोर स्टुलावर बसून गिटार वाजवायची. गिटार तिच्या वडिलांची. ते कोलारच्या सोन्याच्या खाणीत कारकून होते, तेव्हा तिथल्या एका अँग्लो-इंडियन मास्तरानं गाव सोडताना ती त्यांना देऊन टाकलेली. लाकूड मधासारखं पिकलेलं, तारा काळ्या पडलेल्या आणि आवाज असा, की जणू कुणी उशीत तोंड खुपसून गातंय. विमला एकच धून वाजवायची. धून जरा पुढं सरकली की गिरीधरला आपल्या दुकानातली तारेची वेटोळी दिसू लागत. ती आपणहून उठत, यशवंतपूरच्या पुलावरून घरंगळत मल्लेश्वरमकडं येत आणि सँकीच्या तळ्यात उतरून पाण्यावरची वलयं होत. त्या वलयांवर गिरीधर अलगद तरंगत राही, थेट कॉफीचा वास येईपर्यंत.

त्याची समजूत अशी, की विमलाला यातलं काही ठाऊक नाही. नवरा डोळे मिटून, तल्लीन होऊन ऐकतो असंच तिला वाटत असणार. जाग आली की तो मान डोलावून "वा" म्हणायचा, ती हसायची, आणि संसार सुखाचा चालला होता.

एका रविवारी धून सुरू होते न होते तोच तिसरी तार तुटली.

"जुन्या झाल्यात हो सगळ्याच," विमला म्हणाली. "आता नवीन सेट आणा. तुम्ही तारेतलेच माणूस."

हे खरं होतं. बांधकामाची तार, कुंपणाची तार, काटेरी तार. गिरीधरच्या घराण्यानं तीन पिढ्या तारेशिवाय काही विकलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तो कोरमंगलातल्या एका वाद्यांच्या दुकानात गेला. काउंटरवर अजिंक्य नावाचा पुण्याचा मुलगा होता. गिरीधर मराठी आहे कळल्यावर तो खुलला.

"काका, गेज कोणता देऊ? दहापासून तेरापर्यंत आहेत."

गिरीधरनं विचार केला. गिटार म्हातारी, लाकूड नाजूक. तिला बारीकात बारीक तार हवी. आणि तारेच्या धंद्यात लहान पोरालाही कळतं, की नंबर जितका मोठा तितकी तार बारीक.

"तेरा दे."

"तेरा? शुअर ना? जुन्या गिटारला जरा..."

"बाळ, तारेतलं मला नको सांगू."

"ओके काका," अजिंक्य म्हणाला आणि त्यानं मुकाट्यानं पाकीट बांधून दिलं.

पुढच्या रविवारी गिरीधरनं स्वतः तारा चढवल्या. त्या अंमळ जाड वाटल्या, पण गिटारच्या तारा असतील अशाच, असं म्हणून तो खुंट्या पिळत राहिला. विमला सूर सांगत होती. "अजून स्वल्प. अजून थोडं." गिटारचं पोट हळूहळू तळणीतल्या पुरीसारखं वर आलं. मग कट्ट असा आवाज झाला, आणि तारा जिथं अडकवतात ती लाकडी पट्टी बुडाकडून उखडून उभी राहिली.

विमलानं गिटारच्या पोटावर हात ठेवला, मग उठून आत गेली. रडली असती तर बरं झालं असतं, असं गिरीधरला वाटलं.

गिटार दुरुस्त करणारी शिल्पाश्री एचएसआर लेआउटमध्ये राहायची. मूळची निपाणीची. कंपनीतली नोकरी सोडून तिनं घराच्या गच्चीवर हे काम मांडलं होतं. रिक्षातून गिरीधर गिटार मांडीवर आडवी घेऊन गेला. प्रत्येक खड्ड्याला तो तिच्या पोटाखाली हात धरत होता.

शिल्पाश्रीनं तारा बोटांनी चाचपल्या. "अण्णा, या तेरा नंबरच्या आहेत."

"बारीकच घेतल्या. तारेचं दुकान आहे माझं."

"तुमच्यात नंबर वाढला की तार बारीक होते. आमच्यात जाड होते," ती म्हणाली. "एवढा ताण म्हातारीला कसा सोसावा?"

तिनं पट्टी पुन्हा चिकटवली, पोट बसवलं, हलक्या फॉस्फर ब्राँझच्या तारा चढवल्या. गिटार घरी आली तेव्हा विमलाचा चेहरा उजळला, आणि गिरीधरचा जीव भांड्यात पडला.

तिथून त्याच्या हालांना सुरुवात झाली. गिटार आता स्टीलच्या भांड्यांच्या दुकानासारखी लखलखीत वाजत होती. पहिल्या सुरालाच गिरीधर टक्क जागा. त्यात विमलाची नवीनच रीत: चार सूर वाजवायचे, थांबायचं, त्याच्याकडं निरखून बघायचं.

"आता?"

"छान," गिरीधर ताठ बसून म्हणाला. "खणखणीत."

विमलाचा चेहरा पडला. पुढच्या खेपेला तिनं पितळी तारा आणवल्या. त्या आणखी खणखणीत निघाल्या. मग तांब्याचा मुलामा असलेल्या आल्या, मग आत रेशमी धागा असलेल्या. दर रविवारी चार सूर आणि "आता?" गिरीधरला वाटे, बायको परीक्षा घेतेय. तो डोळे फाडून ऐके आणि मतं देई: "हिच्यात ताण बरा आहे." "हिला गंज लवकर धरेल." वेटोळी उठत नव्हती, तळं दिसत नव्हतं. आठवडाभर तो चिडचिडा राहू लागला. एका गुत्तेदारानं सळया बांधायची तार मागितली, तर गिरीधरनं त्याला काटेरी तारेची भेंडोळी पाठवून दिली. गवंडी बोटांना चिंध्या बांधून दुकानात भांडायला आले.

शेवटी तो गुपचूप शिल्पाश्रीकडं गेला.

"या तारा स्वल्प खराब करून मिळतील का?"

ती हातातलं काम थांबवून बघत राहिली. "लोक नव्या करून मागतात, अण्णा."

"मला उशीत तोंड खुपसल्यासारखा आवाज पाहिजे."

"मग तळलेलं खायला द्या आणि हात न धुता वाजवायला सांगा. तारांना तेल-घाम लागला की त्या मऊ बोलतात."

त्या रविवारी गिरीधरनं मंगळूर भजी आणली. विमलानं दोन खाल्ली आणि उठली.

"कुठं निघालीस?"

"हात धुऊन येते."

"कशाला? तशीच वाजव की. आणखी एक खा. चटणी नको, नुसतं भजं."

विमला परत बसली. तिनं आपल्या तेलकट बोटांकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "काय चाललंय तुमचं?"

गिरीधरनं खुर्चीच्या वेताशी चाळा केला. "रागावू नकोस. पूर्वी तू वाजवायचीस ना, तेव्हा मी ऐकत नव्हतो. झोपत होतो. आता झोपच येत नाही."

"ते ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"घोरता तुम्ही," विमला म्हणाली. "तुम्हाला झोप लागावी म्हणूनच वाजवत होते. आता तुम्ही टक्क जागे बसता. मला वाटलं, तारा चुकल्या. म्हणून तर सेटावर सेट बदलले."

खालून एक नारळवाला ओरडत गेला. मग विमला हसायला लागली, आणि तिचं हसू गिरीधरकडं केव्हा आलं ते त्याला कळलं नाही.

"सरी," ती म्हणाली; 'बरं'साठी इथला कानडी शब्दच तिच्या तोंडी बसलेला. "पडा आता मागं."

तिनं तेलकट बोटांनी धून सुरू केली. सूर मऊ झाले होते की तसं वाटत होतं, कोण जाणे. चोरून झोपायचं कारण आता उरलं नव्हतं, आणि बहुधा म्हणूनच गिरीधरला झोप आली नाही. तो ऐकत राहिला. त्यानं कधी न ऐकलेलं एक वळण आलं, मग दुसरं, आणि धून मध्येच थांबली.

"थांबलीस का?"

"एवढीच आहे."

"पुढं?"

"पुढचं मलाही येत नाही. आईला झोप यायची नाही, म्हणून बाबा वाजवायचे. इथवर आले की ती झोपलेली असायची. पुढचं त्यांनी वाजवलंच नाही."

तिनं परत पहिल्यापासून धरलं. या खेपेला सूर लांबत गेले, विरळ झाले. गिरीधरनं डोळे उघडून पाहिलं, तर विमलाची हनुवटी गिटारच्या कडेवर टेकली होती आणि बोटं तारांवर तशीच निजली होती. धून शेवटच्या वळणापाशी अडली होती. गिरीधर खुर्चीतून वाकला आणि त्यानं अंगठ्यानं हलकेच एक तार छेडली. कोणती, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"सरी," विमला झोपेतच म्हणाली.