आप्पांचा पुकारा

संध्याकाळी बरोबर साडेसहाला ग्रामपंचायतीच्या गच्चीवरचा भोंगा दोनदा खाकरला आणि मोरदरीच्या खालच्या आळीत ज्याचं त्याचं काम जागच्या जागी थांबलं. ते खाकरणं सगळ्यांच्या ओळखीचं होतं. तीस वर्षं गावाला पाणी सोडणाऱ्या आणि त्याच्या वेळा भोंग्यावरून पुकारणाऱ्या ज्ञानदेव आप्पांचं. अडचण एवढीच होती, की आप्पांना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

"हॅलो, हॅलो. रुपाली, तुज्या दारातल्या नळाला तोटी न्हाई. पाणी समदं रस्त्यावर चाललंय. जरा लाज वाटू दे."

रुपाली पायरीवर मेथी निवडत होती. तिच्या नळाला खरोखरच तोटी नव्हती आणि पाणी खरोखरच रस्त्यावर चाललं होतं. मेथी तिच्या हातातून खाली पडली.

"रेकॉर्डिंग असंल," तिचा नवरा म्हणाला. त्याचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

"आज माजा नळ गळतोय, हे रेकॉर्डिंगला कसं कळलं?"

लग्नापासून "उद्या आणतो" म्हणणारा तो गृहस्थ तसाच मोटारसायकलवर बसला आणि चाकणहून तोटी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सरपंच अण्णासाहेबांची पाळी आली. "अण्णासाहेब, शाळंमागच्या उकिरड्याचं काय केलंत? पोरं नाकाला रुमाल लावून शाळंत जात्यात." हा उकिरडा अण्णासाहेबांनी दर निवडणुकीत हटवला होता, अर्थात भाषणात. सकाळी दोन ट्रॅक्टर कचरा उचलला गेला. अण्णासाहेबांनी जातीने गच्चीवर जाऊन भोंग्याला हार घातला. "दिवंगत कर्मचाऱ्याच्या सूचनेची दखल घेणं हे प्रशासनाचं कर्तव्य आहे," असं ते ठामपणे म्हणाले, पण नारळ फुटला तो चौथ्या खेपेला.

मग खांबावरचा दिवा लागला, व्हॉल्व्हवर उभी राहणारी जीप हलली, पाण्याच्या टाकीला झाकण आलं. दहा वर्षांत झाली नव्हती तेवढी कामं दहा दिवसांत झाली. पण सव्वासहा वाजले की आयाबाया लेकरांना आत ओढून घेत आणि दारं लावून बसत. आप्पांचा आवाज ऐकून कुत्रीसुद्धा भोंग्याकडे टक लावून बसतात, असं रुपालीने सांगितलं. कुत्री तिथे एरवीही बसत, पण हे ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

निवांत होता तो एकटा किसन. कंपनीतल्या पोरांना भाड्याने द्यायला त्याने आळीत बारा खोल्या बांधल्या होत्या. "माज्या खोल्या आप्पा गेल्यावर झाल्या राव," तो छाती काढून सांगायचा. "त्यांना माजं काय ठावं?"

त्या खोल्यांच्या गटाराचं चेंबर बरोबर आळीच्या मधोमध, आप्पांच्या बायकोच्या, सोजरबाईंच्या दारासमोर होतं. त्याला झाकण नव्हतं. श्रावणात सोजरबाई त्यात पडल्या आणि पाय मोडून बसल्या. प्लास्टर निघालं, भीती निघाली नाही. आळी एवढी अरुंद, की त्या खड्ड्याला वळसा घालायला जागाच नव्हती. शेजारपाजार चांगला होता. कुणी भाजी आणून देई, कुणी गोळ्या. रुपाली तर रोज वेणी घालून देई. पण चाळीस वर्षं एक दिवस न चुकवलेलं मारुतीचं देऊळ कोण आणून देणार? सोजरबाई दारात बसून नुसती घंटा ऐकत. "किसन, झाकण रं?" असं विचारलं, की "ऑर्डर दिलीय काकी, येईलच" हे उत्तर ठरलेलं.

अकराव्या दिवशी दुपारी अनिश त्यांच्याकडे आला. हा अण्णासाहेबांचा पुतण्या, चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर. भोंग्याचं नवं मशीन त्यानेच बसवलं होतं. रोज साडेसहाला हरिपाठ वाजावा अशी वेळ लावून तो ट्रेनिंगला चेन्नईला निघून गेला होता. त्याला फोन करायचं कुणाला सुचलं नव्हतं, कारण मशीन बिघडलंय असं कुणाला वाटतच नव्हतं. आदल्या संध्याकाळी परतल्यावर आप्पांचा आवाज ऐकून त्याच्याही अंगावर काटा आला. सकाळी धीर करून त्याने मशीन उघडलं, तेव्हा घोळ कळला. शेवटची काही वर्षं आप्पांचा घसा बसायचा, म्हणून ते सकाळीच पुकारा रेकॉर्ड करून ठेवत. ते जुनं मेमरी कार्ड अनिशकडून चुकून नव्या मशीनमध्ये गेलं होतं आणि साडेसहाला हरिपाठाऐवजी रोज त्यातला एक पुकारा वाजत होता. सगळे पुकारे सहा-सात वर्षांपूर्वीचे. तेव्हाही तोटी नव्हती, तेव्हाही उकिरडा होता. गावात काडीचाही फरक न पडल्यामुळे प्रत्येक शिवी आजच्या माणसाला चपखल बसत होती.

"काकी, माझी चूक झाली," अनिश मान खाली घालून म्हणाला. "आत्ता जाऊन बंद करतो. तुम्हाला केवढा त्रास झाला असेल."

"तरास कसला? दीड वरसानं घरात माणूस बोलल्यावानी वाटतंय." सोजरबाईंनी पदराने डोळे पुसले आणि मग हळूच विचारलं, "त्यात किसनच्या झाकणाचं काय हाय का रं?"

"कसं असेल काकी? खोल्या नंतरच्या ना."

"व्हय की." त्या हिरमुसल्या. "किती ऱ्हायल्यात?"

"एकच."

"तेवढा वाजू दे. मग काढ."

त्या संध्याकाळी भोंगा खाकरला, पण कुणाचंच नाव आलं नाही. नुसती खरखर. त्या जुन्या सकाळी आप्पा बहुतेक मशीन बंद करायचं विसरले होते. खुर्ची सरकली. फोनची बटणं टुक्‌टुक् दाबल्याचं ऐकू आलं. मग लांबून, थकलेला, घरात बोलावा तसा आवाज आला.

"सोजर, झालं माजं. च्या टाक. आलोच."

किल्ल्या वाजल्या. दाराला कडी लागली. आणि पायऱ्या उतरत जाणाऱ्या चपलांचा आवाज साऱ्या गावावर हळूहळू विरत गेला.

आळीत धडाधड कड्या लागल्या. किसन आपल्या खोल्यांपुढे उभा होता, तिथेच थिजला. आप्पांची घरची वाट त्याला पाठ होती. पंचायत, देऊळ, रुपालीच्या घराचं वळण, मग ही आळी. आळीत चेंबर. आप्पा त्यात पडले तर? जिवंतपणी एका तोटीसाठी तीन-तीन दिवस पुकारणारा माणूस तो! आता रोज साडेसहाला आपलंच नाव, आणि ते किती वर्षं, कोण सांगणार!

किसन धावला. ऑर्डर दिलेलं झाकण आठ महिने खोल्यांमागेच पडून होतं. भाडेकरू पोरं त्यावर कपडे धूत. मदतीला एकही दार उघडलं नाही. दोन माणसांनाही आवरलं नसतं ते सिमेंटचं झाकण त्याने एकट्याने ओढत आणलं, चेंबरवर ढकललं आणि मटकन खाली बसला.

समोरचं दार उघडलं. सोजरबाई काठी घेऊन उभ्या होत्या. मागे चुलीपाशी बशीने झाकलेला एक कप होता.

"काकी... आ... आप्पा आले?"

"अजून न्हाई. पण रस्ता तर झाला." त्यांनी झाकणावर काठी आपटून पाहिली, मग एक पाय टाकला, मग दुसरा. पलीकडे पोहोचल्यावर त्या हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू आलं.

"कुठं निघाला काकी?"

"देवळात."

"आन् ह्यो च्या?"

"त्यांचा हाय. तू बस उंबऱ्यावर. ते आले तर म्हणावं, सोजर देवळात गेलीया, येईल तासाभरात."

किसन बसला. उठून जायची त्याची छातीच झाली नाही. तासभर तो त्या झाकलेल्या कपाकडे बघत होता, आणि आळीत कुणाची चप्पल वाजली की हात जोडून उभा राहत होता.