विदुर हस्तिनापूरकर, देऊळवाडा

खोटी माणसे तयार करणे ही काय अवघड गोष्ट हो? उभा जन्म कीर्तने ऐकण्यात घातलेल्या माणसाला तर मुळीच नाही! असे मी गौरवीला ठणकावून सांगितले, आणि तिथेच माझे ग्रह फिरले.

गौरवी माझी भाची, पेडण्याची. पर्वरीला संगणकाच्या कंपनीत असते. बुवांनी आख्यान लावावे तसा प्रोग्राम लिहिते पोरगी! पूर्वरंग स्वच्छ, उत्तररंग रंगलेला, एक शब्द वाया नाही. आमचा गाव सुर्ल्याजवळ. वर्षाला भजनी सप्ताह असतो. समई पेटली की ती उतरेपर्यंत भजन तुटू द्यायचे नाही. दर तासाला एकेका घराची पाळी. गावात सप्ताह आजवर कधी तुटलेला नाही. तुटतात ती माणसांची डोकी, पाळ्यांच्या भांडणात! म्हणून गौरवीने पाळ्या लावणारा प्रोग्राम करून दिला. मी सप्ताहाचा चिटणीस.

"मामा, खरीं घरां घालचे आदीं खोटीं घालून तपासूंक जाय," ती म्हणाली. "तीं म्हजो दुसरो प्रोग्राम तयार करतलो."

"यंत्राक माणसां सुचतलीं कशीं? हांव भरतां!"

आणि भरली! विदुर हस्तिनापूरकर, सुदामा द्वारकेकर, अंबरीष अयोध्येकर... संगणकात वैकुंठ उतरले!

पण आमचे अध्यक्ष गोकुळदासबाब. दर बैठकीत त्यांना नवे काही सुचायचेच. "दरेका घराचो मुखेल गायक कोण, तें जाय!" गौरवीने तक्त्यात नवा रकाना वाढवला. तिच्या प्रोग्रामने बदललेला तक्ता स्वतःच वाचला आणि गायकांसकट ताजी घरे भराभर ओतली. धन्य! माझी घरे मात्र, नवा रकाना रिकामा म्हणून, सगळी लाल. बसलो भरत: विदुराघरचा गायक, विदुर.

पुढच्या बैठकीत, "वाडो जाय!" पुन्हा तिची घरे हिरवी, माझी लाल.

"मामा, सोडा तीं. म्हजीं आसात न्हू?"

सोडा? भक्तांना बेघर करू? विदुराला देऊळवाड्यात जागा दिली, सुदामाला त्याच्या शेजारी. मग फोन नंबर आला. हस्तिनापूरचा नंबर कोणाला ठाऊक? सगळ्यांना माझाच दिला.

शेवटचा रकाना गौरवीने स्वतः घातला: 'घर खोटे? हो / नाही'. सप्ताहाआधी 'हो' लिहिलेली सगळी घरे एका झटक्यात पुसायची, अशी योजना. तिच्या घरांपुढे 'हो' आपोआप उमटले. मी मात्र विदुराच्या नावापुढे 'खोटा' लिहू? हात उचलेना हो! हात जोडले आणि सगळ्यांपुढे 'नाही' लिहिले.

ती पेडण्याची, आमच्या गावची घरे तिला काय माहीत? 'हो'वाली पुसली, खरी घातली, आणि मांडवात भला मोठा टीव्ही लावला. पुढची पाळी त्यावर दिसणार!

सप्ताह सुरू झाला. दुपारपर्यंत आनंदीआनंद. मग गोकुळदासबाबांनी माईक घेतला.

"फुडली पाळी, विदुर हस्तिनापूरकर, देऊळवाडो! विदुरबाब, बेगीन येयात!"

कोणी उठेना. देऊळवाडेकर एकमेकांची तोंडे पाहू लागले.

"नवो भाडेकरू आसतलो."

"कोल्हापूरसून कारखान्यार आयला तो?"

"ताचें नांव केरबा रे!"

गाणाऱ्यांचे घसे बसत आलेले. शेवटचा अभंग ते पावाच्या पिठासारखा ताणत होते. आता तुटतो सप्ताह!

गौरवीने माझ्याकडे पाहिले. "मामा, हो तुमचो विदुर?"

मी मान खाली घातली.

"मागीर तुमीच गायात! हांव दुरुस्त करीसर थांबूं नाकात!"

मी बसलो आणि सुरू केले. माझा आवाज म्हणजे सुर्ल्याच्या चढावर पहिल्या गियरात अडकलेला खनिजाचा ट्रक! पेटीवाला माझा सूर शोधत साऱ्या पट्ट्या फिरून आला आणि हात जोडून बसला.

"विदुरबाब, मातशें ल्हवू!" जरा हळू घ्या, म्हणून गोकुळदासबाब कळवळले.

गौरवीने मांडवातच लॅपटॉप उघडला. "मामा, तुमचीं घरां वळखूं कशीं?"

बोलायला थांबलो तर भजन तुटणार! तेव्हा चालीवरच उत्तर दिले: "फोन ऽ माझा ऽ विठ्ठला ऽ!"

टाळकऱ्यांनी इमानाने उचलले: "फोन माझा विठ्ठला!"

पण पोरीला कळले! बोटे मृदंगावर पडावीत तशी पडली. माझ्या नंबरची सगळी घरे गेली, उरलेल्यांच्या पाळ्या नव्याने लागल्या आणि टीव्हीवर नाव आले: सगुण गावस. जिताजागता, समोर बसलेला सगुण! त्याने माझ्या तोंडचा विठ्ठल अलगद उचलला. समई तेवत होती, सप्ताह अखंड! माझे डोळे भरून आले. असे सावरणे मी मोठमोठ्या बुवांतही पाहिलेले नाही!

एवढ्यात आमची चंद्रावती नवे लुगडे नेसून, नैवेद्याचे ताट घेऊन टीव्हीपुढे उभी राहिली. वरून खाली पाहिले, खालून वर पाहिले.

"गे गौरवी, आमची पाळी सांजे आशिल्ली. खंय गेली?"

गौरवीने जीभ चावली. "मामी... मामाचोय फोन तोच न्हू?"

म्हणजे, खोटी माणसे काढायला बसलेल्या प्रोग्रामने मलाही काढले. आणि खरे सांगू? तो चुकला, असे म्हणायला माझी जीभ काही रेटेना!